पडदा दाखवितो, ऐकणार कोण?

भाद्रपद शुद्ध चतुर्थी जवळ आली की घरोघरी देव्हाऱ्याची झाडझूड, मखराची जुळवाजुळव आणि दूर्वा-शमीची चौकशी सुरू होते. चौदा विद्या आणि चौसष्ट कला यांचा अधिपती घरी यावयाचा असतो. त्याच्यापुढे निदान त्याचे अथर्वशीर्ष तरी शुद्ध म्हणता यावे, ही इच्छा प्रत्येक भाविक कुटुंबात असते. पूर्वी ती पुरी होण्यास वाट एकच होती. घरात कोणी म्हणणारे असेल तर त्याच्या मांडीला मांडी लावून बसावयाचे. नसेल तर गुरुजींची पायरी चढावयाची. आणि गावात गुरुजीच नसतील तर आरतीवर समाधान मानून घ्यावयाचे. आता दुसरी वाट निघाली आहे. खिशातील मोबाईल काढावा, बोटाने चार अक्षरे लिहावीत, की पडद्यावर एक सोडून शंभर पाठक हजर होतात. यूट्यूब नामक हा प्रकार अमेरिकेत २००५ साली निघाला. आपल्याकडे २०१६ च्या अखेरीस इंटरनेट एकाएकी स्वस्त झाले आणि तो खेड्यापाड्यांतील ओसरीपर्यंत येऊन पोहोचला.

या वाटेने गेलेला मुक्कामास पोहोचतो काय, असा प्रश्न कीर्तनानिमित्त गावोगाव फिरताना आम्हांस हटकून विचारला जातो. विचारणारे बहुधा आमच्याच वयाचे, साठी उलटलेले असतात आणि आमच्याकडून ‘नाही’ हे उत्तर ऐकण्याची त्यांची मनापासून तयारी असते. त्यांची निराशा करावी लागते. तथापि ‘होय’ म्हणतानाही आमची जीभ थोडी अडखळते, आणि ती का अडखळते हे सांगण्यासाठीच हा लेख.

प्रथम प्रत्यक्ष अथर्वशीर्ष या विषयी काय सांगते ते पाहू. आपण ते नित्य म्हणतो, पण शेवटची फलश्रुती घाईने उरकतो. त्या भागात दोन वचने अशी आहेत की ती जणू आजच्या वादासाठीच लिहून ठेवली असावीत. पहिल्यात म्हटले आहे की, हे अथर्वशीर्ष जो शिष्य नाही त्याला देऊ नये. मोहाने देईल त्यास दोष लागेल. हे वचन पुढे करून काही शास्त्राभिमानी मंडळी म्हणतात, ‘मग साऱ्या जगापुढे पडद्यावर हे उधळून टाकणे म्हणजे अशिष्यालाच देणे नव्हे काय?’ आक्षेप वरवरचा नाही. पण शिष्य कोणास म्हणावे? संस्कृतात हा शब्द ‘शास्’ धातूपासून येतो. ज्याला शिकविता येते, जो सांगितलेले ऐकून स्वतःस सुधारून घेतो तो शिष्य. अमक्या कुळातला, अमक्या गावचा, पुरुष की स्त्री, असा अर्थ त्या शब्दाच्या पोटात नाही. पडद्यासमोर बसलेली धुणे-भांडी आटोपून आलेली सून शिष्य असू शकते, आणि गुरुगृही बारा वर्षे राहून काही न सुधारलेला अशिष्य असू शकतो.

दुसरे वचन त्याहून मोलाचे. जो आठ ब्राह्मणांना हे नीट ग्रहण करवितो तो सूर्यासारखा तेजस्वी होतो, असे तेथे सांगितले आहे. ग्रंथातील शब्द त्या काळचा. आम्ही त्यातून आठ जिज्ञासू असे घेतो. पण व्याकरणाचा विद्यार्थी येथे थांबेल तो क्रियापदापाशी. फळ ‘देणाऱ्याला’ सांगितलेले नाही, ‘म्हणून दाखविणाऱ्याला’ही नाही, ‘ग्रहण करविणाऱ्याला’ सांगितले आहे. क्रियापद प्रयोजक आहे, आणि त्यास ‘नीट’ हे विशेषण जोडले आहे. समोरच्याच्या गळी ते उतरले की नाही हे पाहण्याचे काम शिकविणाऱ्यावर टाकलेले आहे. आणि आठ ही संख्या पाहा. आठ जणांचे तोंड एका बैठकीत पाहता येते, प्रत्येकाचा आवाज वेगळा ऐकता येतो. आठ लक्ष सांगितले असते तर गोष्ट वेगळी होती.

या मुद्द्याची कसोटी पाहावयाची तर पुण्याकडे वळावे. २०२२ साली सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संस्कृत-प्राकृत विभागाने श्रीमंत दगडूशेठ हलवाई गणपती ट्रस्टच्या सहकार्याने गणपती अथर्वशीर्षाचा एक श्रेयांकाचा अभ्यासक्रम सुरू केला. त्याचे एकवीस पाठ, आणि ते ऑनलाइन. गणपतीला एकवीस दूर्वा, एकवीस मोदक, तसे एकवीस पाठ. ज्याला ही संख्या सुचली त्याचे कौतुक वाटते. विद्यापीठाने स्तोत्र शिकवावे काय यावर तेव्हा वर्तमानपत्रांतून बरीच वादावादी झाली. आम्हांस त्या वादात पडावयाचे नाही. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते असे की, ज्या पुण्यात दरवर्षी ऋषिपंचमीच्या पहाटे दगडूशेठ गणपतीपुढे हजारो स्त्रिया एका सुरात अथर्वशीर्ष म्हणतात, त्याच पुण्याने ते पडद्यावरून शिकविण्याचे ठरविले. सामुदायिक पठणात आपल्या शेजारणीचा स्वर कानी पडतो आणि आपली चूक आपोआप सावरते. पडद्यापुढे एकटे बसलेल्यास ती शेजारीण नसते.

आता आमच्या जिल्ह्यात येऊ. बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यात, खानदेशच्या सीमेलगत, धामणगाव बढे म्हणून गाव आहे. रेल्वेचे धामणगाव ते निराळे, ते अमरावती जिल्ह्यात. परगावची मंडळी दोहोंत नेहमी गल्लत करतात. बढ्यांच्या धामणगावी जावयाचे तर शेगावाहून रेल्वेने मलकापूर गाठावे आणि पुढे एस.टी. धरावी. कापूस, मका, सोयाबीन यांचा मुलूख. पावसाने ओढ दिली की साऱ्या गावाचे डोळे आभाळाकडे. अशा गावात गणेशोत्सवातील कीर्तनासाठी आम्ही गेलो असता एका घरी अथर्वशीर्षाचा विषय निघाला. घरातील कन्या दहावीत शिकणारी. ‘मला पूर्ण येते, महाराज,’ असे म्हणून ती पाटावर बसली आणि कोठेही न अडखळता, पुस्तक न उघडता, आरंभापासून फलश्रुतीपर्यंत म्हणून गेली. कोणी शिकविले? मोबाईलने. त्या घरात तीन पिढ्यांत कोणास अथर्वशीर्ष येत नव्हते.

आम्ही तिच्या पाठावर मनापासून प्रसन्न झालो, हे आधी सांगून मग पुढचे सांगतो. तिच्या तोंडी सर्वत्र ‘गनपती’ होते. ‘गुण’ शब्दाचे ‘गुन’, ‘कर्ण’चे ‘कर्न’, ‘विष्णू’चे ‘विष्नू’. आमच्या वऱ्हाडात हे नवल नव्हे. ‘पाणी’ला आम्ही ‘पानी’ म्हणतो आणि ‘डोळा’ला ‘डोया’. आईच्या दुधाबरोबर आलेली ती बोली आहे, तिची लाज बाळगण्याचे कारण नाही. परंतु मंत्रात ‘ण’ हा मूर्धन्य. जिभेचे टोक वर वळवून टाळूला लावावे लागते. पडद्यावरील पाठक ते स्पष्ट म्हणत होता. आम्ही तिच्यासमोर तो पाठ लावून विचारले, ‘तो काय म्हणतो?’ ती म्हणाली, ‘गनपती.’ तिच्या कानाला आपला ‘न’ आणि त्याचा ‘ण’ एकच ऐकू येत होता! शंभर वेळा ऐकले असते तरी तोच ऐकू आला असता. दुसरी गंमत ‘ज्ञ’ची. तिने ज्या पाठकाचा व्हिडिओ धरला होता तो हिंदी मुलुखातील असावा. त्यामुळे ‘ज्ञानमय’च्या जागी ती ‘ग्यानमय’ म्हणे. हा दोष नव्हे, प्रांतभेद आहे; तथापि मराठी घरात मराठी वळण राहावे असे आम्हांस वाटते, आणि तसे आम्ही तिला सांगितले.

तिचे आजोबा ओसरीवर बसून हे ऐकत होते. अक्षरओळख बेताची, पण गावच्या भजनात टाळ धरलेला माणूस. ते म्हणाले, ‘महाराज, तो मोबाईल दाखोते सारं, पन आयकत नाई कोनाचं.’ आमच्या दोन तासांच्या कीर्तनात इतके नेमके वाक्य आम्हांस सापडले नसते.

पुढचा अर्धा तास आम्ही तिला ‘न’ आणि ‘ण’ यांत घोळविले. जीभ कोठे लागते हे आरशात पाहण्यास सांगितले. प्रथम ‘टाण, ठाण, डाण’ असे अर्थहीन शब्द म्हणवून घेतले. कारण ट, ठ, ड म्हणताना जीभ आपोआप मूर्ध्याकडे जाते, ‘ण’साठी तिला तेथेच थोपवून धरावयाचे असते. दहाव्या-बाराव्या वेळी ‘ण’ उमटला आणि तिचा चेहरा खुलला. तो तिने केवळ उच्चारला म्हणून नव्हे, प्रथमच ऐकला म्हणून. मग तिने होऊन तोच व्हिडिओ पुन्हा लावला आणि म्हणाली, ‘अगोबाई, हे तर वेगळं म्हणतात!’ तेव्हापासून तो पडदा तिला खरा उपयोगी पडू लागला.

अथर्वशीर्षाच्या कर्त्याला या सूक्ष्मतेची किती जाण होती हे त्याच ग्रंथात दिसते. ‘गं’ हे एकाक्षरी बीज कसे घडते ते सांगताना आधी गकार, मध्ये अकार, शेवटी अनुस्वार, त्यावर बिंदू, त्यांना जोडणारा नाद, अशी त्याची एकेक पायरी दाखविली आहे. मंत्र सांगतासांगता तो उच्चारावा कसा याचा धडा देणारे असे ग्रंथ थोडे. आणि पाणिनीय शिक्षेत तर अधम पाठकांचे सहा प्रकार मोजले आहेत. त्यांत चाल लावून गाणारा आहे, घाई करणारा आहे, अर्थ न जाणणारा आहे आणि लिहिलेले पाहून म्हणणाराही आहे. म्हणजे ज्या पोथीला आज आपण परंपरा म्हणतो तिच्याकडेही एके काळी शिक्षाकार संशयानेच पाहत होते. पोथी आली, छापील पुस्तक आले, आमच्या तरुणपणी कॅसेट आली; प्रत्येक वेळी विद्या बुडाली म्हणून हाकाटी झाली आणि विद्या काही बुडाली नाही. यास्तव व्हिडिओच्या नावाने खडे फोडण्यात आम्हांस अर्थ वाटत नाही. मात्र वाद्यांचा गजर लावून, सिनेमाच्या चालीवर घोळवलेले जे अथर्वशीर्ष पडद्यावर मिळते, ते शिकण्यासाठी घेऊ नये. शिक्षाकारांनी त्याला आधीच खालच्या ओळीत बसविले आहे.

हे बोलू लागले की श्रोत्यांतून कोणीतरी एकलव्याचे नाव काढतोच. मातीच्या मूर्तीपुढे बसून तो धनुर्विद्या शिकला. मग बोलत्या-चालत्या चित्रापुढे बसून आमची मुले का शिकणार नाहीत? प्रश्न चांगला आहे आणि त्याचे उत्तरही कथेतच आहे. एकलव्याच्या पुढे मूर्ती होती तसे लक्ष्यही होते. बाण लागला की लागला, चुकला की चुकला. त्याला चूक सांगण्यास द्रोणाचार्यांची गरज पडली नाही, लक्ष्यानेच ती सांगितली. अशा कित्येक विद्या आहेत की ज्यांत काम स्वतःच बोलते. विहिरीवरचा पंप दुरुस्त झाला तर पाणी येते, न झाला तर येत नाही. ब्लाउज शिवला तर अंगात बसतो किंवा बसत नाही. शाडूचा गणपती वाळताना तडकला की माती भिजविण्यात चूक झाली हे कळते. असल्या कामांत पडदा हा उत्तम गुरू, आणि आमच्या धामणगावातील पोरांनी त्याच्याकडून पुष्कळ घेतले आहे. पण उच्चार, स्वर, लय यांत लक्ष्य बाहेर नसते, ते ऐकणाऱ्याच्या कानात असते. आणि स्वतःचा कान स्वतःला फसवितो.

पखवाजाचेच पाहा. त्याच उत्सवात आमच्या मागे साथीला बसलेला तरुण व्हिडिओ पाहून वाजविण्यास शिकला होता. बोट स्वच्छ, बोल मोकळे. धुम्याला कणीक किती लावावी, भाद्रपदातील दमट हवेत ती किती कमी करावी, हेही त्याने पाहून पाहून आत्मसात केले होते. अभंगाचे चरण संथ लयीत चालले तोवर सारे ठीक. आम्ही पूर्वरंगातून उत्तररंगाकडे वळताना लय थोडी वाढविली, मध्येच निरूपणासाठी थांबलो, पुन्हा उचलली, आणि गडी मागे राहिला. कारण उघड आहे. पडद्यावरील गायक याच्यासाठी कधी थांबला नव्हता, याला पाहून कधी पुढे गेला नव्हता. साथ म्हणजे दुसऱ्याच्या श्वासाकडे लक्ष. ती एकट्याने शिकता येत नाही. चार हरिनाम सप्ताहांत तो बसला की तयार होईल, त्याची आम्हांस शंका नाही. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली ती याचसाठी, की चार वर्षे एकत्र राहून, एकमेकांचे ऐकून मुलांनी तयार व्हावे. पण घरची शेती सोडून चार वर्षे आळंदीस राहणे किती जणांस शक्य असते? ज्याला ते शक्य नाही त्याच्या हाती व्हिडिओने निदान बोट तरी आणून दिले. एरवी त्या गावात त्या रात्री पखवाजच वाजला नसता.

येथे एक मराठी आजी आठवतात. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात सारोळा कासार येथील सुमन धामणे यांचे नाव २०२० पासून घराघरांत पोहोचले. सत्तरीच्या घरातल्या बाई. नातवाने पावभाजी मागितली. ती त्यांना येत नव्हती, म्हणून त्याने यूट्यूबवर ती कशी करतात ते दाखविले. त्यांनी ते पाहून घेतले, आपल्या हाताने केली आणि ती घरात सर्वांना आवडली. तेथून नातू यश पाठक याने आजींच्या पाककृतींचे चित्रण सुरू केले आणि ‘आपली आजी’ या नावाने लाखो लोक त्यांच्याकडून शिकू लागले. शिकणारी शिकविणारी झाली. पण या कथेतील मर्म कोणते? आजींना पावभाजी येत नसली तरी चुलीपुढे घालविलेली पन्नास वर्षे त्यांच्या हातात होती. मीठ किती, आच किती, मसाला केव्हा परतला गेला, हे सांगण्यास त्यांना कोणी लागत नव्हते. ज्याचा हात तयार त्याला पडदा पुरेसा होतो. नवशिक्याचे तसे नसते.

वऱ्हाडात मोदक तळणीचे. सुक्या खोबऱ्याचे सारण आणि कणकेची पारी. उकडीचे मोदक ही कोकणची रीत, ती आता व्हिडिओच्या पाठीवर बसून आमच्याकडे आली आहे. आम्हांस तळणीचेच अधिक रुचतात. पण नव्या सुनांचा उत्साह मोडू नये. तांदळाची उकड काढावयाची तर पीठ कोणत्या तांदळाचे, जुन्याचे की नव्याचे, यावर पाण्याचे माप बदलते. पडद्यावरची बाई आपल्या पिठाचे माप सांगते, तुमच्या पिठाचे नव्हे. मोदक फुटले की सून कष्टी होते आणि सासूबाईंना सांगता येत नाही, कारण त्यांनी उकड कधी काढलेली नसते. अशा वेळी शेजारी एखादी कोकणातून आलेली शिक्षिका असेल तर तिला बोलवावे. एका दुपारचे काम आहे.

२०२० च्या भाद्रपदाची आठवणही या संदर्भात काढली पाहिजे. साथीच्या त्या वर्षी घरगुती मूर्ती दोन फुटांची आणि मंडळांची चार फुटांची, असे शासनाने ठरवून दिले होते. गुरुजी घरोघर जाऊ शकत नव्हते. त्यांनी पूजेचे पाठ ध्वनिचित्रित करून पाठविले आणि यजमानांनी पडद्याकडे पाहत स्वतः प्राणप्रतिष्ठा केली. परदेशातील मराठी कुटुंबे हे आधीपासूनच करीत होती. त्या वर्षी ते पुण्या-नागपुरातही झाले. चुका झाल्या असतील. पण कित्येक गृहस्थांनी आयुष्यात प्रथमच संकल्प आपल्या तोंडाने उच्चारला. एरवी ते पळीभर पाणी सोडून ‘मम’ म्हणून मोकळे होत. त्या एका गोष्टीसाठी आम्ही पडद्याचे ऋणी आहोत.

गणपतीने व्यासांचे महाभारत लिहून घेतले, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. भांडारकर संस्थेच्या संशोधित आवृत्तीने ती मूळ संहितेत न घेता परिशिष्टात ठेवली आहे, तरी कीर्तनकाराने ती सोडून द्यावी असे आम्हांस वाटत नाही. गणपतीची अट, लेखणी थांबू देणार नाही. व्यासांची उलट अट, अर्थ कळल्याखेरीज लिहावयाचे नाही. मग व्यास मधून मधून एखादा कूट श्लोक घालीत आणि गणपती विचारात पडे तोवर पुढची रचना करीत. व्हिडिओला थांबविण्याची कळ असते. आमच्या पाहण्यात ती दाबणारे फार थोडे. एकवीस दिवस रोज दोनच वाक्ये घ्यावीत, प्रत्येकापाशी पडदा थांबवावा, अर्थ पाहावा, आपला आवाज त्याच मोबाईलमध्ये उतरवून पाठकाच्या आवाजाशेजारी लावून ऐकावा, आणि आठवड्यातून एकदा कोणा जाणत्यासमोर बसून म्हणावे. गावात गुरुजी नसतील तर शाळेतील संस्कृतच्या बाई असतात. त्याही नसतील तर तालुक्याच्या गावी कोणी सापडतो, आणि फोनवरूनही ऐकता येते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून मुलांना व्हिडिओ दाखविले आणि २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पण त्या शाळेतही व्हिडिओ संपल्यावर मुलांपुढे गुरुजी उभे होते.

धामणगावच्या त्या कन्येचा फोन आम्हांस आता रविवारी सायंकाळी येतो. ती म्हणते, आम्ही ऐकतो. मध्ये रेंज गेली तर पुन्हा लावते. ‘ण’ पक्का झाला आहे, ‘ज्ञ’ अजून कधीमधी घसरतो. यंदा आजोबांच्या ओसरीवर गल्लीतल्या तीन मुली तिच्यापुढे बसू लागल्या आहेत. मोबाईल मध्ये ठेवलेला असतो, दोन वाक्ये झाली की ती तो थांबविते आणि एकेकीकडून म्हणवून घेते. आजोबा टाळ बाजूला ठेवून ऐकत बसतात. ग्रंथाने आठ सांगितले आहेत; अजून पाच यावयाच्या आहेत, आणि ऋषिपंचमीस, श्रीगजानन महाराजांच्या पुण्यतिथीला, ती त्या तिघींना घेऊन शेगावी येणार आहे.